सूर्यमाळची एकसारखी उत्तरं

मोखाड्याहून जीप सूर्यमाळकडे चढू लागली आणि मी बोलायची थांबले. दोन्ही उतारांवर खुरासणी फुलली होती. डोंगरच्या डोंगर पिवळा, कडेला नागलीचे (नाचणीचे) तांबूस पट्टे. एका तेलबियेच्या पिकाचा एवढा थाट मी आधी पाहिला नव्हता.

"ताई, फोटो बसूनच काढा," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी थांबली का धक्का तुमालाच मारायला लागंल."

मी गाडी थांबवायला लावली. धक्काही मारला.

मी पुण्यात शिकवते आणि इंग्रजीची पूरक वाचनाची पुस्तकं तयार करते. इथल्या एका आश्रमशाळेत जगदीश सर आठवीला त्यातल्याच गोष्टींमधून इंग्रजी शिकवतात. चाचणीत तीसच्या तीस मुलांनी एका प्रश्नाचं सारखंच चुकीचं उत्तर लिहिलं होतं. वरिष्ठांना कॉपीचा संशय आला. तसं ठरलं तर गोष्टीचा तास बंद आणि पुन्हा गाइड. ते माझ्या अहवालावर ठरणार होतं.

गोष्ट एका बर्फाळ देशातली. समुद्रात बुडालेल्या नवऱ्यासाठी म्हातारी रोज आधी एक ताट वाढून ठेवते. वादळात आलेल्या वाटसरूला ती शेकोटीजवळ बसवते आणि त्याच्यासाठी भाकरी भाजायला घेते. तेवढ्यात तो ते ताट फस्त करतो. ती त्याला घराबाहेर काढते. म्हातारी कशी होती? नमुना उत्तर: निर्दय. मुलांनी लिहिलं होतं: चांगली.

दुपारी नागलीची भाकर आणि अंबाडीची भाजी जेवले. मग मुलांना मैदानात लांब लांब बसवून तोच प्रश्न पुन्हा दिला. शब्द वेगळे, चुका वेगळ्या, उत्तर तेच. कॉपी नव्हती.

"अरे, पाहुणा उपाशी होता ना?" वर्गात परत आल्यावर मी विचारलं.

"मंग? ती भाकर भाजत व्हती ना?" सुनंदा नावाची मुलगी उठली. "त्याला दम नाय?"

सगळी हसली.

"बाई, नवा भात निघाला का आमचे घरी आधी मेलेल्यांना ठेवतात. पोर रडला तरी त्याला आधी नाय देत," सुनंदा पुढं म्हणाली.

"पन थंडीत मेला असता तो," मागून एक मुलगा म्हणाला.

"तिनं ब्लँकेट दिला त्याला! पान नीट वाच," सुनंदा वळून म्हणाली.

मी पान उलटलं. शेवटून तिसऱ्या ओळीत ब्लँकेट होतं.

"निर्दय कोनी लिवलाय, बाई?" सुनंदानं विचारलं.

"मी," म्हणाले. जगदीश सर खिडकीबाहेर बघत होते.

या मुलांना बर्फ कसा असतो ते सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. समुद्र त्यांच्यातल्या कुणी पाहिलेला नव्हता. घरी एक भाषा, शाळेत मराठी, त्यावर ही तिसरी. तरी त्या परक्या म्हातारीच्या घरात ही मुलं थेट आत गेली होती. मी इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर उभी राहून तिला नावं ठेवत होते.

अहवाल परतीच्या एसटीत लिहिला. 'कॉपी नाही. मुलांचं उत्तर बरोबर, नमुना उत्तर चुकीचं. गोष्टीचा तास चालू ठेवावा.' सही केली. त्र्यंबकचा घाट संपेपर्यंत एकच विचार डोक्यात होता. 'निर्दय' लिहिणाऱ्या पुण्यातल्या मुलांना मी आजवर पूर्ण गुण देत आले, त्यांना आता काय सांगायचं?