संगणकातला नंदादीप

संगणकावर तेवणाऱ्या त्या दिव्याची घटना मला आजही आठवते. तेव्हा माझी नेमणूक जव्हारच्या पोलीस ठाण्यात होती. गावात संगणक असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि इंटरनेट लागायचं ते टेलिफोनची वायर जोडून.

एका सकाळी साखरशेतचे एक शेतकरी ठाण्यात आले. त्यांची मुलगी दर रविवारी एका गुरुजींच्या घरी फुकट संगणक शिकायची. तिच्यासारख्या आणखी सहा मुली होत्या.

"साहेब, पोरीला मी शिकाय धाडली. त्या संगणकावर असली नागडी चित्रं बघाय नाय धाडली," ते म्हणाले. अर्ज लिहून घेतला, त्यावर त्यांचा अंगठा घेतला. सातही मुली घरी बसल्या होत्या. अर्ज खरा निघाला असता तर गुरुजींची नोकरी गेली असती आणि गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गुरुजींना बोलावलं. जबाबात एकच पालुपद, "साहेब, ती चित्रं आपोआप येतात."

मला हसू आलं. दारू आपोआप पोटात जाते, साग आपोआप ट्रकमध्ये चढतो, हे ऐकण्यात माझी हयात गेली होती. पण खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो. गुरुजी त्या एका वाक्यापलीकडे जात नव्हते. म्हटलं, चला, घरीच बघू.

दोन पंच घेतले आणि टायपिंग क्लासच्या बाईंनाही सोबत घेतलं. त्यांना यातलं कळायचं. सगळ्यांना हात मांडीवर ठेवायला सांगितले. फोनची वायर काढलेली होती, तोवर पडदा शांत. वायर जोडली आणि पाच मिनिटांत, कोणी बोटही न लावता, एकावर एक घाणेरड्या चित्रांच्या खिडक्या उघडल्या. पंचांनी माना खाली घातल्या. मी मनातल्या मनात गुरुजींची माफी मागितली.

आता साधा प्रश्न. घरात चोर शिरला, तर कडी कोणी काढली? बाईंनी प्रोग्रामांची यादी काढली. इंटरनेटवरून घेतलेलं बाकीचं सगळं फुकटचं सामान गुरुजींनी आधीच पुसलं होतं. राहिला होता एकच प्रोग्राम, पडद्याच्या कोपऱ्यात चित्रातला दिवा तेवत ठेवणारा.

"हाच तो," बाई म्हणाल्या. "जाहिराती हाच आणतो. वर घरात कोण काय टाइप करतं, तेही बाहेर कळवतो."

म्हणजे आमच्या भाषेत खबऱ्या. "मग एवढाच का ठेवला?" मी विचारलं. गुरुजींनी बायकोकडे पाहिलं.

"मीच काढू दिला नाही," गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या. "नवरात्रात घेतलेला नंदादीप आहे, साहेब. तेवता दिवा आपल्या हातानं कसा विझवायचा?"

कपाळावर हात मारावा, की त्या माउलीला नमस्कार करावा, कळेना. रागावून उपयोग नव्हता. माझ्याही घरी आई 'दिवा विझव' असं म्हणू देत नसे. मी म्हटलं, "वहिनी, देवापुढं खरा दिवा लावा. ज्योत तिकडे गेली, की याला निरोप देऊ."

त्यांनी समई लावली, हात जोडले, आणि मान हलवली. बाईंनी तो प्रोग्राम मुळासकट काढला, सफाईची सीडी चालवली. पडद्यावर कोणी फुकट काही देऊ केलं तर न वाचता 'हो' दाबायचं नाही, हे दोघांकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी साखरशेतच्या त्या बापाला समोर बसवून तासभर इंटरनेट चालू ठेवलं. काहीही आलं नाही. ते उठले आणि गुरुजींच्या पाया पडू लागले, तर गुरुजींनीच त्यांना धरलं.

तेव्हापासून कुठल्याही गुन्ह्यात मी आधी विचारू लागलो, दार उघडणाऱ्याच्या मनात काय होतं? पुष्कळदा तिथं पाप नसतं, श्रद्धा असते. मात्र ठग ते ओळखून येतो. एवढं कळायला मला निवृत्ती जवळ यावी लागली.

पुढच्या सोमवारी तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज घेऊन तेच शेतकरी ठाण्यात आले. खाली बापाचा अंगठा होता. वरचा मजकूर टाइप केलेला, दोन ठिकाणी काना सुटलेला. "कोणी लिहिला?" मी विचारलं.

"पोरीनं," ते म्हणाले. "काल गुरुजींच्या घरी बसून."