सावरीचा कापूस आणि मस्कतचा हेडफोन

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो — "आधी फ्यूज तपासलास का?" जलविद्युत प्रकल्पावर देखभालीच्या कामात उभी नोकरी काढलेला माणूस मी. दिवा लुकलुकला तर कनेक्शन लूज, कौलांवर धडधड झाली तर माकडं... ह्यापलीकडे माझी बुद्धी कधी गेली नाही, आणि जायला हवी असंही मला वाटलं नाही. ह्या सदरातले अनुभव मोठ्याने वाचून बायकोला चिडवणारा मी आज स्वतःच लिहायला बसलोय, आणि ती स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून हसतेय. हसू दे. जे झालं ते तिच्यासमोरच झालं, त्यामुळे चुकलो तर ती दुरुस्त करील.

साल १९८५ किंवा ८६ असावं. आम्ही चिपळूण तालुक्यात अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे एक पपई, आणि उतारावरून खाली गेलं की वाशिष्ठी. वरून वीजघराचं पाणी सुटत असल्याने ती भर उन्हाळ्यातही वाहती असायची. घरात आम्ही तिघं — मी, सुमन आणि माझी आई. वडील आदल्या वर्षी खेडकडच्या आमच्या गावी दम्याने गेले होते. बाप गेल्यावर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ह्या रिवाजापायी माझं लग्न घाईघाईत झालं. म्हणजे सुमनने सासरा फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिला होता. लग्नानंतर आई गावचं घर बंद करून आमच्याकडे आली. येताना एक ट्रंक आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात काय आहे हे कुणी विचारलं नाही. मला वाटलं, कोकम असेल.

आता हेडफोन. मस्कतला असलेला माझा मेहुणा सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो माझ्यापुढे टाकला. "घ्या भाऊजी, तुम्हाला खेळायला. आवाज म्हणजे नुसता पत्रा वाजतोय." मी उघडून पाहिला आणि वेडाच झालो. साध्या हेडफोनमध्ये छोटा कागदी भोंगा असतो. ह्यात भोंगाच नव्हता. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा, त्यावर चिकटवलेली सपाट तार, आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली लोहचुंबकं. करंट गेला की सगळा पडदा एकदम हलतो. कल्पना इतकी सुंदर की मी सुमनला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. भाकरी थंड होतेय."

रोग काय ते लगेच कळलं. पडद्यामागे आवाज शोषून घेणारी फोमची चकती होती, तिचा उन्हाने आणि दमट हवेने भुगा झालेला. त्यामुळे मागचा आवाज कानावरच्या कपात आपटून परत येत होता, आणि कडेच्या फटींतून खालचा सूर गळून जात होता. फटी मी मधाच्या पोळ्याच्या मेणाने बुजवल्या. कानावरच्या गाद्यांना सुमनने जुन्या मांजरपाटाची खोळ शिवली. राहिला तो मागचा भराव. चिपळूणच्या बाजारात फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, मागितल्यावर दुकानदाराने माझ्यापुढे टोपी ठेवली. मग डोक्यात आलं — सावर! आमच्याकडे सावरीच्या कापसाच्याच उशा असायच्या. हलका, लवचिक, दाबला तरी परत फुलणारा.

आईला विचारलं. ती आत जाऊन तो पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात मूठभर कापूस होता, सरकी काढून अगदी स्वच्छ केलेला.

"जपून वापर हां," एवढंच म्हणाली.

तो एका बाजूलाच पुरला. तो सगळा मी डाव्या कपात भरला, आणि उजव्यासाठी सुमनच्या उशीची शिवण थोडी उसवली. हे काम हाताच्या अंदाजाचं असतं. जास्त झाला तर आवाज गुदमरतो, कमी झाला तर कर्कश होतो. चिमटीने घालत, काढत, ऐकत रविवारची सगळी दुपार गेली. शेवटी जो आवाज लागला... काय सांगू! तबल्यावर बोट पडण्याआधी ते उचललेलं कळत होतं. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

गाणं संपलं. पुढचं सुरू होण्याआधी टेपवर थोडी शांतता होती. त्या शांततेत, डाव्या कानात, कुणीतरी श्वास घेतला.

मला भीती वगैरे काही वाटली नाही. राग आला. एवढी मेहनत करून आवाज येतोच कसा? टेपची खरखर म्हणावी, तर कॅसेट काढली तरी तो होताच. लाईनची गुणगुण म्हणावी, तर प्लगच काढला. तारेचं टोक माझ्या हातात लोंबतंय, हेडफोनला विजेचा स्पर्श नाही, आणि श्वास चालूच. मग म्हटलं, शंख कानाला लावल्यावर येतो तसा आपलाच आवाज असेल. मी नाक दाबून श्वास रोखला. तो थांबला नाही. लांब ओढलेला, शेवटी शीळ घालणारा, मग जरा अडकून सुटणारा. माझं डोकं भणभणायला लागलं, मी श्वास सोडला, आणि तो आपला त्याच्याच लयीत चालला होता.

शेवटचा उपाय म्हणून दोन्ही कपांतला कापूस आपसात बदलला. आवाज उजव्या कानात गेला. तेव्हा मात्र मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मी सुमनला काही न सांगता हेडफोन दिला. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, कुणाला तरी खूप धाप लागलीय. आणि मधूनमधून लाकडावर काहीतरी वाजतंय. टक टक... थांबून परत टक. अंगठी आपटावी तसं."

ते मला ऐकूच आलं नव्हतं. परत घालून पाहिलं, तर खरंच होतं.

आमच्यामागे आई उभी होती. सुमनचं बोलणं तिने ऐकलं होतं. तिने काही न विचारता माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला, स्वतःच्या अंबाड्यावरून कसाबसा चढवला, आणि तिथेच जमिनीवर बसली. आई रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने मान हलवायला सुरुवात केली, कुणी बोलत असताना आपण हो हो करतो तशी.

"तुजा बापूस हाय," ती म्हणाली. "पानी मागतोय."

मग सगळं बाहेर आलं. वडील गेले तेव्हा मी अलोऱ्याला होतो, त्यामुळे ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. शेवटी शेवटी धापेमुळे त्यांना बोलता यायचं नाही. पाणी हवं असलं की ते बाजेच्या खुरावर अंगठी वाजवायचे. आई कित्येक रात्री जागी होती. त्या पहाटे तिचा डोळा लागला. उठली तेव्हा ते गेलेले होते, आणि हात बाजेखाली लोंबत होता. जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालतात, तेसुद्धा झालं नाही. बाराव्याच्या आत त्यांचं अंथरूण-पांघरूण रिवाजाप्रमाणे गावाबाहेर टाकलं, पण उशीतला मूठभर कापूस आईने काढून ठेवला. सावर आमच्या घरामागच्या परड्यातली, कापूस तिनेच वेचलेला. "उशीला त्यांचा वास होता रे," ती म्हणाली. "टाकवला नाय माज्यानं."

त्या दिवसापासून आईने पाणी सोडलं.

उपास नव्हे, हट्ट नव्हे. ती म्हणायची, "ते तान्हेले आसताना माज्या घशाखाली कसं उतरंल?" हेडफोन कानाला लावून, ती लोंबती वायर मांडीवर घेऊन, दिवसभर दाराकडे पाठ करून बसायची. मध्येच हात पुढे करायची, तांब्या द्यावा तसा. पहिल्या दिवशी मी समजूत घातली, दुसऱ्या दिवशी ओरडलो. सुमनने चमच्याने ताक घातलं, ते ओठांतून बाहेर आलं. ओठांना भेगा पडल्या, डोळे खोल गेले. दवाखान्यातले डॉक्टर घरी आले, सलाईन लावायला हवं म्हणाले, तर आईने हात आखडून घेतला. हेडफोन काढून घ्यायला गेलो तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. मला सरळ दिसत होतं की आई आता जाणार, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत तहानेने जाणार. आणि माझ्याकडे काय होतं? एक स्क्रू ड्रायव्हर.

मार्ग सुमनने काढला. ती आईच्या समोर बसली आणि म्हणाली, "आई, उशी घराबाहेर टाकायची असते ना? टाकूया. पण तहानलेली नको टाकूया. आधी तुम्ही पाणी पाजा."

आईने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

मी कप उघडला, कापूस काढला. लिंबाएवढा गोळा. तो काढताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. सावरीचा कापूस पाणी घेत नाही. कोकणात कुणाही पोराला विचारा. तो पाण्यावर तरंगतो, थेंब वरून घरंगळून जातात. बुडणाऱ्याने कमरेला बांधावा असा तो कापूस. आई पाणी घालणार, पाणी ओघळून जाणार, आणि तिला वाटणार की त्यांनी माझ्या हातचं घेतलं नाही. मग ती घरी परत येईल, पण पाण्याला शिवणार नाही, कधीच. मी सुमनला बाजूला घेऊन हे सांगितलं. डॉक्टरांनी ठेवलेल्या सामानातला औषधी कापूस मी खिशात टाकला होता. तो पाणी झटकन पितो. म्हटलं, वाटेत गुपचूप बदलतो. पण आईने निघतानाच तो गोळा माझ्याकडून मागून घेतला आणि मुठीत धरला तो धरलाच.

नदीवर गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आईला मी जवळजवळ उचलूनच नेलं. काठावर एक काळा सपाट दगड होता, दिवसभर तापलेला. त्यावर ती बसली. डाव्या तळहातावर कापूस, त्यावर तुळशीपत्र. सुमनने भरलेला तांब्या तिच्या उजव्या हातात दिला. भरलेला तांब्या आईला पेलेना, म्हणून मी खालून आधार दिला, म्हणजे जे झालं ते माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर झालं.

"घ्या," आई म्हणाली. "उशीर झाला माज्याकडनं. घ्या आता."

तिने धार सोडली. मी डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत. पाणी कापसावर पडत होतं आणि आत जात होतं. घरंगळलं नाही, बोटांच्या फटींतून गळलं नाही, मनगटावरून ओघळलं नाही. आई ओतत राहिली, थांबत थांबत, आजारी माणसाला पाजतात तशी. गोळा फुगला नाही, चेपलासुद्धा नाही. तांब्या रिकामा झाला. शेवटचा थेंबही गेला, आणि तिच्या हाताखालचा तो दगड कोरडा ठणठणीत होता.

मी हात लावून पाहिला. सुमननेही.

मग आईने वाकून हात पाण्यात धरला आणि कापूस सोडला. तो तरंगला नाही. खडा टाकावा तसा सरळ खाली गेला, तुळशीपत्र तेवढं वर आलं आणि वाहून गेलं. आईने त्याच ओंजळीत नदीचं पाणी घेतलं आणि प्यायली. मग परत, मग परत. मीच शेवटी तिला पुरे म्हटलं, नाहीतर बाधलं असतं. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. गेली तेव्हा मी आणि सुमन दोघंही जागे होतो, आणि तुळशीपत्र हाताशी होतं. तिची उशी त्याच दिवशी, अख्खीच्या अख्खी, घराबाहेर गेली.

हेडफोन अजून आहे. पुढे मुंबईहून फेल्ट आणून बसवलं, आवाज ठीक लागतो. त्यात दुसरं काही ऐकू येत नाही. मी खूप वेळा बघितलंय.

गावच्या परड्यातली ती सावरही अजून उभी आहे. दर उन्हाळ्यात बोंडं फुटली की मी थोडा कापूस आणतो, मागच्या पायरीवर बसतो, हातावर गोळा घेऊन त्यावर तांब्याने धार धरतो. सुमन दारात उभी राहून बघते, आता चिडवत नाही. दरवेळी पाणी घरंगळून जातं, पायरी भिजते, आणि कापूस माझ्या हातात कोरडाच्या कोरडा राहतो. फ्यूज, कनेक्शन, माकडं... सगळं तपासून झालं.