गाडीत भाताच्या गोण्या

साजगावच्या शेडमध्ये आम्ही बनवत होतो ती छोटी गाडी सपाट रस्त्यावर गुणी होती. खोपोलीच्या वरचा घाट लागला की तिचा क्लच घसरायचा. इंजिन ओरडायचं, चाकं ढिम्म, आणि जळक्या प्लेटचा वास नाकात बसायचा. चार माणसं घेऊन ती घाट चढली तरच पैसे लावणारे पुढचं काम करू देणार होते. नाहीतर शेड बंद. मी नववीतून शाळा सोडलेला, हिंगोलीकडचा. शेड बंद म्हणजे मी परत गावी, आणि गावात मला काम नव्हतं.

गाडी मिस्त्री चालवायचे. ते इथलेच, खालापूरचे. बाकीच्या तिघांच्या वजनाइतक्या आम्ही भाताच्या गोण्या भरायचो. शेडमागच्या काकींनी नुकतंच झोडलेलं भात दिलं होतं. त्याच काकी मला दोन्ही वेळ जेवू घालायच्या, पडवीत झोपू द्यायच्या. कोण कुठला मी! पहिल्या दिवशी शेड चालवणाऱ्या साहेबांनी गोण्या काट्यावर चढवल्या, वजन जुळवलं. मग रोज संध्याकाळी गोण्या पडवीत, सकाळी गाडीत.

मिस्त्रींनी क्लचच्या स्प्रिंगा बदलल्या, मग प्लेट, मग पुन्हा स्प्रिंगा. दर वेळी गाडी एखादं वळण जास्त चढायची. साहेब शीळ घालायला लागले. मलाही गोण्या हलक्या वाटायला लागल्या. तसं मी म्हणालोही.

"काकीचं जेवान लागलं रं तुला," मिस्त्री हसले. "आला तवा काडी होतास. आता पैलवान."

एक दिवस गाडी न थांबता घाट चढून गेली. मिस्त्रींनी बॉनेटचा मुकाच घेतला. साहेबांनी तिथूनच फोन लावला.

पैसेवाले तिघं आले. साहेब स्वतः चालवायला बसले, आम्ही मागून टेंपोत. दुसऱ्याच मोठ्या वळणावर गाडी थांबली. टेंपोतून उतरायच्या आधीच मला तो वास आला. तिघं खाली उतरले, एकमेकांशी इंग्रजीत बोलले आणि आपल्या गाडीनं निघून गेले.

शेडवर आल्या आल्या साहेबांनी गोण्या काट्यावर ठेवायला लावल्या. जवळजवळ एका माणसाचं वजन गायब होतं.

"काकी, यातलं भात काढलंत का?"

"मंग? गिरनीला नको न्यायला? घरचंच हाय ना. जरा जरा काढलं न् तोंड परत शिवलं. गोनी मोजा की, एक तरी कमी हाय का?"

साहेब खाली बसले.

"म्हंजी आपन क्लच सुधारलाच नाय," मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले. "ह्यो जेवत गेला, गाडी चढत गेली." कुणी हसलं नाही.

शेड महिनाअखेर रिकामी करायची, असं साहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. काकी दारात थांबल्या होत्या.

"माज्यामुलं झालं का रं?"

"नाही काकी. गाडीच कमजोर होती."

ते खरं होतं, आणि तेच जास्त खुपत होतं. इतकी खटपट करून क्लच पहिल्या दिवशी होता तिथंच होता. आम्हाला काहीच जमलं नव्हतं.

"मंग आता तू?"

"बघू," मी म्हणालो. आत मिस्त्री इंजिन उतरवायला लागले होते. मी पाना घेऊन त्यांच्याकडं गेलो.