दसऱ्याचा मुका कीबोर्ड

उमाकांतराव घारपुरे विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचे. मूळचे सांगलीचे, बदलीवर जयपूरला आलेले. जळालेलं दुकान असो की आमेरच्या रस्त्यावर उलटलेली जीप, "शेवटी हात कुणाचा लागला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घरी दूध उतू गेलं तरी हाच. माणूस सरळ, देवाधर्माचा. पण चूक आपलीही असू शकते, हे कलम त्यांच्या पॉलिसीत नव्हतं.

त्या वर्षी मराठी मंडळाचा तबलजी प्रबुद्ध याची रेल्वेने कोट्याला बदली केली आणि दसऱ्याच्या भजनाला तबला उरला नाही. उमाकांतरावांनी बैठकीत छातीठोक सांगून टाकलं, "तबला कंप्युटर वाजवील." त्यासाठी त्यांनी एक कीबोर्ड आणला होता. तो स्वतः मुका. पट्टी दाबली की वायरीतून निरोप कंप्युटरला जायचा आणि आवाज तिथून निघायचा. सचिव उत्तमराव म्हणाले, "नाहीच जमलं, तर मी झांजा घेऊन बसतो." त्यांचा झांजेचा हात मंडळाला ठाऊक होता. गेल्या खेपेला देवाची आरती आणि उत्तमरावांची झांज वेगवेगळ्या वेळी संपली होती. तेव्हा सगळ्यांची भिस्त घारपुऱ्यांवर.

अष्टमीला त्यांच्या लेकीने, कॉलेजात जाणाऱ्या तनयाने, वायरी जोडल्या आणि तबला छान बोलला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. उमाकांतरावांनी वायरी काढल्या, कीबोर्ड पाटावर मांडला, सोवळं नेसून यथासांग पूजा केली. पूजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला जुंपायचं नसतं, म्हणून हात लावला तो दसऱ्याच्या सकाळी. वायरी या वेळी स्वतःच जोडल्या. पट्टी दाबली. कंप्युटर ढिम्म.

"विभा, शेवटी हात कुणाचा लागला?"

"मी श्रीखंड घोटतेय," स्वयंपाकघरातून बायकोने उत्तर दिलं.

तनया आली, कीबोर्डच्या मागे वाकली. "बाबा, 'इन' लिहिलेली वायर तुम्ही कीबोर्डच्या 'इन'मध्येच लावलीय, अन् 'आउट'ची 'आउट'मध्ये."

"मग? आवक टपाल आवकच्याच टेबलावर जातं."

"मतलब, कीबोर्डने पाठवलेलं कंप्युटरला मिळायला नको? सांगलीचं जावक ते जयपूरचं आवक."

उमाकांतरावांनी दोन्ही टोकं उपटली. "हे अष्टमीलाच सांगायला हवं होतंस," म्हणाले आणि वायरींची अदलाबदल केली. तरी आवाज नाही. कंप्युटर बंद करून चालू झाला, वायरीच्या टोकावर फुंकर मारून झाली. शेवटी दुकानदाराला फोन.

"भाईसाब, पिन पूरी अंदर गई है क्या?"

"पूरी गई है," उमाकांतराव ठासून म्हणाले.

तनयाने टॉर्च मारली. पिन पुरती बसलीच नव्हती, केसभर बाहेर होती. ती उपसली तर कीबोर्डच्या मागच्या भोकांभोवतीच्या गोल खाचेत काहीतरी लाल दिसलं. विभाताईंनी हार गुंफायची सुई आणली, अलगद टोकरलं, आणि कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा त्यांच्या तळहातावर पडला.

उमाकांतराव ताठ झाले. "अक्षत. म्हणजे पूजेच्या वेळी शेवटी हात..." आणि तिथेच थांबले.

"बोला की," विभाताई म्हणाल्या. "फुलं मी दिली, अक्षता तुम्ही वाहिल्यात. मी म्हटलं होतं, वरून वाहा, मागच्या भोकांत नको. तर म्हणालात, शक्ती तिथूनच बाहेर पडते."

तनया तोंडावर ओढणी धरून पाठमोरी झाली. उमाकांतरावांनी चष्मा सरसावून दाणा निरखला.

"अखंड आहे," ते म्हणाले. "कणी असती तर दोष लागला असता. ही दैवी आपत्ती धरायची."

"देवावर ढकलू नका. त्याने काही कंप्युटर मागितला नव्हता." विभाताईंनी दाणा तुळशीत टाकला आणि पुन्हा श्रीखंडाकडे वळल्या.

पिन खट्कन बसली. तबला बोलला. उमाकांतराव त्याच्याकडे असं बघत राहिले, जणू बुडालेला दावा वसूल झाला.

संध्याकाळी मंडळात आरती रंगली. उत्तमरावांच्या झांजा पिशवीतून निघाल्याच नाहीत. आरती संपताना त्यांच्या पत्नी सुवर्णावहिनी कौतुकाने ताम्हन घेऊन आल्या. "या वाद्याला ओवाळायलाच हवं," म्हणत त्यांनी चिमूटभर अक्षता उचलल्या.

उमाकांतरावांचा उजवा हात पट्ट्यांवर चालूच होता. डाव्या हाताचा पंजा त्यांनी कीबोर्डच्या मागच्या बाजूवर घट्ट पालथा घातला.

"वहिनी," ते म्हणाले, "देवावर. फक्त देवावर."