ताटाची डावी बाजू

लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं होतं, कारण मी ठेचा उजवीकडे वाढला होता. "मास्तरीणबाई, शाळेत पोरायले हेच शिकवतं का? मीठ, लिंबू, ठेचा डावीकडं. भाजी उजवीकडं. पाहुण्यानं पाह्यलं तं काय म्हणन?" मी शाळेत शिकवते याचा त्यांना अभिमान होता, पण तो त्या टोमण्यातूनच दाखवायच्या. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी ठेचा डावीकडेच वाढत आले.

म्हणून गेल्या वर्षी एका दुपारी त्यांनी जेवता जेवता विचारलं, "आज ठेचा काऊन नाई केला?" तेव्हा मला वाटलं, गंमत करताहेत. ठेचा ताटात होता. डावीकडे, जिथं असायला हवा तिथंच.

त्याच्या आठवडाभर आधी त्यांना मेंदूचा हलका झटका येऊन गेला होता. चार दिवस बुलढाण्याला दवाखान्यात काढले. हातपाय शाबूत, वाचा तर जास्तच शाबूत. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, नशीबवान बाई, थोडक्यात सुटली. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

पण ठेच्याचं काही सुटेना. रोज तीच तक्रार. कधी मीठ नाही, कधी लिंबू नाही. डावीकडची अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठायच्या आणि वर म्हणायच्या, "पोटभर वाढत नाईस तू." मी म्हणायचे, "आत्याबाई, तो काय समोर हाये ठेचा." त्या ताटाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. एक दिवस भिंतीपलीकडच्या काकूंना सांगताना मी ऐकलं, "झटका आल्यापासून सून वाढतानी डावं-उजवं करते वो."

डावं-उजवं! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसता भात वाढणाऱ्या बाईबद्दल बोलतात ते. अकरा वर्षं पहाटे उठून ह्यांचा डबा, त्यांचा चहा, मग शाळा, परत आल्यावर चूल, आणि शेवटी नाव काय मिळालं तर हे. गावात अशी गोष्ट घरोघर जायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

डोळे तपासावेत हे सुचलं नाही असं नाही. पण सासूबाई जेवायला बसायच्या तेव्हा माझा ओटा त्यांच्या डाव्या हाताला असायचा. तिथं उभी राहून मी नुसता ओठ मुडपला, आवाज नाही, काही नाही, तरी त्या ताटातून मान वर न करता म्हणायच्या, "तोंड काऊन वाकडं करून राह्यली?" हातभर अंतरावरचा ठेचा दिसत नाही आणि दोन हातांवरचं सुनेचं तोंड दिसतं! कोण विश्वास ठेवील? झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. हे सोंगच आहे अशी माझी खात्री पटली.

आणि बाई अशी की तिच्याबद्दल हे खरं वाटावं. शेतात निंदायला वीस-वीस बाया घेऊन जायच्या त्या. प्रत्येकीला एकेक पात, म्हणजे निंदत जायची पट्टी, लावून दिलेली. यांची नजर आपल्या विळ्यावर. तरी मध्येच म्हणायच्या, "तिकडची, पाणी पे आधी, मंग रड." आणि खरंच चार पाती सोडून एखादी पदर तोंडाशी धरून बसलेली असायची. मी नवीन होते तेव्हा हे पाहून थक्क झाले होते. आता तेच आठवून दात-ओठ खात होते.

शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं मी बुलढाण्यात एक खोली बघून आले. रविवारपर्यंत कळवते म्हणून सांगितलं. घरात कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं आधी आईकडे पाहिलं असतं, मग माझ्याकडे, मग बैलांना पाणी पाजायला निघून गेला असता. मी मनात सामान बांधून तयार होते.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. पुन्हा अर्धी भाकरी, पुन्हा "ठेचा नाई." मी ताट उचलायला वाकले, ते रागाच्या भरात नुसतंच अर्धं फिरलं आणि परत पाटासमोर आदळलं. सासूबाई दचकल्या. मग ताटात बघून म्हणाल्या, "आता वाढला? इतका वेळ काऊन लपवला व्हता?" आणि ती उरलेली अर्धी भाकरी ओढून घेऊन भुकेल्या माणसासारख्या ठेच्याशी खाऊ लागल्या.

मी काहीच वाढलं नव्हतं. फक्त ताट फिरलं होतं.

महिनाभर ही बाई माझ्या हातचं अर्धंच जेवत होती आणि मी तिला सोंगाडी ठरवलं होतं. मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण होत्या, पण घाई नव्हती. त्यांनी तपासून सांगितलं की डोळे दोन्ही चांगले आहेत, मेंदूत जिथं दिसतं तिथला एक तुकडा गेलाय, त्यामुळे दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलीय. बऱ्याच माणसांना आपली अर्धी बाजू गेली हे स्वतःला कळतही नाही. मी विचारलं, "मग माझं वाकडं तोंड कसं दिसतं त्यांना?"

डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले. त्यांनी सासूबाईंना समोरच्या ठिपक्याकडेच बघायला लावलं आणि पडद्यावर डावीकडे एकेक चित्र दाखवलं. "काय दिसतं आजी?" "काईच नाई." "तरी अंदाजानं सांगा." "दिसत नाई तं सांगू कशी? तुले वेळ लई हाये बाई!" पण सांगायला लागल्या. कुलूप दाखवलं तर म्हणाल्या, लिंबू असन. कप दाखवला तर म्हणाल्या, चप्पल. मग चेहरे आले. "हा तापला हाये कोणावर तरी." "हे बाई भेली." "हे पोरगी खुश हाये." एखाददुसरा चुकला, बाकी बरोबर. आणि प्रत्येक वेळी वर पुन्हा, "पण मले दिसून नाई राह्यलं, सांगून ठेवतो."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बघण्याचा मोठा रस्ता डावीकडून बंद पडलाय. पण डोळ्यापासून मेंदूत आणखी लहान वाटा जातात, आणि माणसाच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, आनंद कधीकधी त्या वाटेनं आत पोचतो, दिसल्याशिवायच. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. वाट नेमकी कुठून जाते यावर जाणकारांत अजून एकमत नाही. आणि धडधाकट माणसालाही समोरचं तेवढं स्पष्ट दिसतं, कडेचं सगळं पुसट, तरी कडेला कुणी डोळे वटारले की मान आपोआप वळते. मला फळ्याकडे तोंड करून लिहिताना वर्गातलं रडवेलं पोर कसं कळतं, ते तेव्हा उमगलं. सासूबाईंना मात्र यात नवल वाटलं नाही. "म्हणजे डांबरी रस्ता बंद अन् शेतातली पायवाट चालू," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं.

गावात उतरल्यावर सासूबाई घरी न येता आधी भिंतीपलीकडे गेल्या. अंगणातून, मोठ्यानं, चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काकू, डावं माह्या डोळ्यात व्हतं. सुनेच्या हातात नव्हतं." मी रस्त्यात उभी राहून रडले. चूक झाली की ती कबूल करायला एवढी छाती लागते, आणि माझ्याकडे ती नव्हती. मी त्यांना अजून सोंगाचं काही सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीपासून ठेचा उजवीकडे. पहिल्यांदा वाढताना माझाच हात अडखळला. त्यांनी ताटाकडे बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "पाहुणा आला तं सांगू, आमच्या घरी डावं-उजवं नाई."

रविवारी दुपारी मी अंगणात जाऊन फोन केला आणि खोली नको म्हणून कळवलं. परत आले तेव्हा सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी शेजारी टेकले. हात चालू ठेवून त्यांनी विचारलं, "नाई म्हणून सांगतलं ना त्यायले?"

"कोणाले?"

"तुले जायचं व्हतं तिथल्यायले. चार-पाच दिवसांपासून तू ओट्यापाशी उभी राहूनच जाऊन राह्यली व्हती. हात इथं, बाई दुसरीकडं."

"मग बोलल्या काऊन नाई, आत्याबाई?"

"दिसलं असतं तं बोलली असती. दिसलं कुठं? नुसतं घर खाली-खाली वाटत व्हतं. म्हटलं, म्हातारपणाचं असन."

मी सगळं सांगितलं. सोंग म्हटलं ते, खोली पाहिली ते. मग मला आठवलं की मी त्यांच्या डाव्या हाताला बसलेय, म्हणजे त्यांना दिसतच नाहीये. मी उठून उजवीकडे जायला लागले, तर त्यांनी पदर धरला.

"इथंच बस," त्या म्हणाल्या. "तिकडून तू नुसती दिसते."