ओहोटीच्या मैदानावरचे तोमाससर

तोमाससरांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या श्रीवर्धनच्या घराच्या ओटीवर. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात माझ्या अब्बांची पेटी, आणि डोके छपराच्या वाशाला लागू नये म्हणून किंचित वाकलेली मान. अब्बा आखातातल्या एका फुटबॉल क्लबात सामानाची देखभाल करायचे. खेळाडूंचे कपडे धुणे, बूट शिवणे, चेंडूंत हवा भरणे, हे त्यांचे काम. दर पत्रात ‘आमचा तोमास’ असायचाच. तो स्पेनचा, तो डाव्या बाजूने बचावाला खेळतो, तो स्वतःचे बूट स्वतः पुसतो. पत्रातला हा माणूस एक दिवस खरोखर दारात उभा राहील असे आम्हाला कुणालाच वाटले नव्हते.

त्यांचा गुडघा कायमचा गेला होता. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितले होते आणि क्लबाने करार संपवला होता. अब्बा सुट्टीवर निघाले तेव्हा सरांना म्हणाले होते, “चल माझ्या गावी. महिनाभर नुसता समुद्र बघ.” आणि हे आले. अम्मी आतून हळूच म्हणाली, “अहो, एवढा लांब माणूस आपल्या खाटेवर मावेल कसा?”

त्या दुपारी सुरमई आणली होती. सर पाटावर बसले, अम्मीकडून सुरी मागून घेतली आणि बघता बघता काट्यापासून मांस असे सोडवले की अम्मी पदर सावरून बघतच राहिली. त्यांचे वडील स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर मासेमारी करत. शाळा सुटली की सर धक्क्यावर मासे साफ करायचे आणि उरलेल्या वेळात धक्क्याच्या भिंतीवर चेंडू मारायचे. “ह्याला येतंय की!” एवढेच अम्मी म्हणाली. पण त्या दिवसापासून ते आमच्या घरात पाहुणे राहिले नाहीत.

महिनाभरासाठी आलेले सर नंतर दरवर्षी पावसाळा सरला की येऊ लागले आणि व्हिसाची मुदत संपेस्तोवर राहू लागले. मी तेव्हा नुकतीच शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झाले होते. मुलींसाठी मैदान मिळत नव्हते. जे होते ते मुलांच्या क्रिकेटला. मी घरी बसून कुरकुर केली, तेव्हा सरांनी मला किनाऱ्यावर नेले. ओहोटीची वेळ होती. पाणी दूर गेले होते आणि ओल्या वाळूत अख्खे आभाळ उतरले होते. सर म्हणाले, “शहनाझ, हे मैदान कुणाचं?” मी म्हटले, “कुणाचंच नाही.” “मग आपलं.”

वाळलेल्या पोफळीचे सोट रोवून गोलचे खांब झाले. भरतीच्या आधी ते उपटून पुन्हा वाडीत नेऊन ठेवायचे. आमचे वेळापत्रक घड्याळावर नव्हते, पाण्यावर होते. रोज सराव पाऊण तासाने पुढे सरकायचा. शाळेतल्या सहकाऱ्यांना ह्याचे हसू यायचे. पण आजही डोळे मिटले की मला तेच दिसते. हिवाळ्यातली सकाळ, समुद्रावर धुके, आणि पंधरा-वीस मुली धावताहेत. वाळूच्या आरशात त्यांच्या पायांना पाय लावून आणखी पंधरा-वीस मुली उलट्या धावताहेत. मध्ये एक उंच माणूस लंगडत चालला आहे आणि ओरडतो आहे, “चेंडू आली! चेंडू आली!”

त्यांच्या भाषेत चेंडू स्त्रीलिंगी, म्हणून मराठीतही ती स्त्रीलिंगीच राहिली. आम्ही सुधारायला गेलो की म्हणत, “आमच्याकडे दोन लिंगं. तुमच्याकडे तीन. एक उसनं घेतलं तर बिघडलं कुठे?” त्यांच्या भाषेत नावाच्या आरंभीचा ‘ह’ मुका असतो, म्हणून माझे अब्बा हसन त्यांच्यासाठी जन्मभर ‘असान’ राहिले. मराठी ते शिकले कोळणींकडून, माझ्या विद्यार्थिनींकडून आणि अब्बांकडून. त्यामुळे शाळेच्या कार्यक्रमातही, अगदी मुख्याध्यापकांसमोर, ते ठणकावून “न्हाय” म्हणत.

मुलींना खेळू द्यायला घरच्यांची तयारी नसायची. मी त्यांच्यासोबत वाळूत धावावे, ह्याला माझ्या अम्मीचीही नव्हती. सरांनी कुणालाही व्याख्यान दिले नाही. ते प्रत्येक घरी गेले, चहा प्यायले आणि विचारले, “तुम्हाला कसला पोशाख चालेल?” ज्या घरातून जे उत्तर आले ते त्यांनी मान्य केले. कुणी सलवार, कुणी डोक्याला रुमाल. “पाय धावतात,” ते म्हणत. “कपडे धावत न्हाय.”

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यासाठी सरांच्या गौरवग्रंथात हा लेख लिहायला मी लगेच होकार दिला.

आमचा संघ अलिबागला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. कोळीवाड्यातली सायली ही आमची सर्वांत भरवशाची बचावपटू. सामना बरोबरीत होता, संपायला थोडाच अवकाश होता. सायलीने चेंडू मागे आपल्या गोलरक्षिकेकडे ढकलला. गोलरक्षिका दोन पावले पुढे आली होती. चेंडू तिच्या बाजूने निघून आमच्याच जाळ्यात गेला. सायली तिथेच खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला यायची बंद झाली.

तीन आठवडे गेले. मग सर आणि मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात जाळे विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. “मी आता येनार न्हाय, मॅडम. पोरी तोंडावर बोलत न्हाईत, पन मला कलतंय.”

मी समजुतीचे काहीबाही बोलू लागले. सरांनी हात वर करून मला थांबवले. ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर ते बसले आणि बोलू लागले. मराठी मोडकी होती, आवाज मात्र शांत.

“माझ्या गावाचा क्लब. लहान क्लब. पहिल्यांदा सर्वांत मोठ्या स्पर्धेत आला. वर्षभर खेळलो. शेवटचा सामना. हरलो नाही तर राहणार, हरलो तर खालच्या स्पर्धेत. पाऊस होता. मी चेंडू मागे दिली, आमच्या गोलरक्षकाला. सोपी होती. चेंडू गेली, गेली, आणि थांबली. पाण्यात. डबकं होतं. मला दिसलं न्हाय. त्यांचा माणूस आला, गोल केला. आम्ही खाली गेलो.”

सायलीचे हात थांबले होते.

“गावात कुणी बोललं न्हाय. तुझ्यासारखंच. मी दुकानात गेलो की सगळे गप्प. माझी आई चर्चमध्ये मागे बसायला लागली. मी दार बंद करून बसलो. मग बाबा आला. म्हणाला, ‘ऊठ, बोटीवर माणूस कमी आहे.’ बस. मी गेलो. दिवसभर जाळं ओढलं. परत येताना बाबा म्हणाला, ‘उद्या तुझा सराव आहे ना?’”

“मंग तुमी गेलाव?” सायलीने विचारले.

“गेलो. क्लबाने मला विकलं. चार लहान गावांत खेळलो. तिथे कुणी बघायला येत न्हाय. तिथे मी सर्वांत चांगला खेळलो, सायली. त्या डबक्याच्या आधी नाही. नंतर. तू मागे दिली, ते बरोबर होतं. परत तशीच वेळ आली तर परत मागे दे. फक्त आधी बघ.”

आम्ही उठून आलो. इतक्या वर्षांत ह्या माणसाने स्पेनमधल्या कारकिर्दीबद्दल आम्हाला फक्त गमती सांगितल्या होत्या. अब्बा तोवर नोकरी सोडून कायमचे परतले होते. घरी येऊन मी त्यांना विचारले, “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग कधी सांगितलं नाहीत?”

“ते त्याचं होतं. मी का सांगू?”

दोन दिवसांनी सायली किनाऱ्यावर आली. सरांनी तिला मिठी मारली नाही, भाषण केले नाही. तिच्याकडे चेंडू ढकलला आणि म्हणाले, “उशीर झाला. दोन फेऱ्या जास्त.” ती पुढे बरीच वर्षे खेळली. आज ती न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका कचेरीत नोकरी करते आणि रविवारी तिथल्या मुलींना शिकवते. मुलींना ती डबक्याची गोष्ट सांगते का, हे मी तिला विचारलेले नाही.

आणखी एक आठवण. अब्बांच्या शेवटच्या आजारपणात सर व्हिसा मिळताच निघून आले. रोज सकाळी ते अब्बांचे कपडे घेऊन विहिरीवर बसत आणि हाताने धूत. अब्बांना फार संकोच वाटे. एकदा खाटेवरून ते क्षीण आवाजात म्हणाले, “तोमास, ठेव ते. हे माझं काम हाय.” सर सदरा पिळत म्हणाले, “असान, तू माझे खूप धुतले. आता माझी पाळी.” अब्बा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. जनाजा निघाला तेव्हा खांदा देताना सरांची उंची इतरांशी जुळेना, म्हणून ते दुखरा गुडघा वाकवून कब्रस्तानापर्यंत चालले.

पुढच्या वर्षी ते येणार नाहीत असे आम्ही गृहीत धरले होते. ते आले. आधी कब्रस्तानात गेले, मग घरी.

सरांनी साठावे वर्ष पूर्ण केले, म्हणून त्यांच्या विद्यार्थिनींनी हा ग्रंथ काढायचे ठरवले. सरांना ते कळले तेव्हा ते गोंधळून म्हणाले, “पण मी मोठा खेळाडू न्हाय. चूक होईल तुमची.” मोठा खेळाडू कोणाला म्हणावे हे मला ठरवता येत नाही. मी एवढेच जाणते की ज्या किनाऱ्यावर मुली पूर्वी फक्त मासे सुकत घालायला उतरत, तिथे आज त्या खेळायलाही उतरतात, आणि कुणी वळून बघत नाही.

माझी अम्मी आता थकली आहे. नमाज झाली की ती हात पसरून आम्हा सर्वांसाठी एकेकाचे नाव घेऊन दुआ मागते. अब्बा गेल्यापासून त्या यादीत तोमाससरांचे नाव आले आहे. “या अल्लाह, तोमासला लांब उमर दे, त्याच्या गुडघ्याला आराम दे, त्याला सुखरूप ठेव.” त्यांचे नाव माझ्या नावाच्या आधी येते. मला त्याचे कधीच वाईट वाटले नाही. तिचे झाले की मीही ‘आमीन’ म्हणते. ह्या पानांवर आज आम्ही सगळ्याजणी तेच म्हणत आहोत.