लाल चौकटी

स्कॉटलंडहून शिकून शाहूपुरीत परत आले, तेव्हा मला वाटलं होतं की मुरगूडकडच्या त्या छोट्या दवाखान्यातले लोक कॉम्प्युटरला विरोध करतील. विरोध कसा मोडायचा, याच्या चाळीस स्लाइड्स मी तयार ठेवल्या होत्या. जाऊन बघते तर मॉनिटरला झेंडूचा हार, आणि डॉक्टर नारळ घेऊन माझीच वाट बघत उभे.

पेशंटचे कागद बंद करून सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायला शिकवणं, हे माझं काम. दर शुक्रवारी अहवाल लिहायचा. अहवालात न मावणारं बरंच काही उरायचं, ते हे असं साठत गेलं.

पहिला धडा पासवर्डचा. तो कुणालाही सांगायचा नाही, हे मी तीनदा बजावलं. तासाभरात वॉर्डातून मालन सिस्टरनी हाक दिली, "डॉक्टर, पासवर्ड बदलला काय?"

"न्हाय, म्हशीचंच नाव हाय अजून."

मी कपाळाला हात लावला. तेव्हा खाटेवरचे एक आजोबा समजुतीनं म्हणाले, "चंद्री. सगळ्या गावाला ठावं हाय की, बाळ."

मालन सिस्टरना रिटायर व्हायला दोन वर्षं होती. एका बोटानं टाईप करायच्या, आणि प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणायच्या. ॲलर्जीच्या चौकटीशी आल्या की पेशंटला विचारायच्या, "तुला काय सोसत न्हाय?" एका बाईनं सांगितलं, "धाकटी जाऊ." सिस्टरनी ते टाईप केलं.

मी पुसायला लावणार, तेवढ्यात डॉक्टरांनी स्क्रीनवर वाचलं. बाईचं बीपी चढलेलं होतं. "जाऊ राहायला आलीया व्हय?" त्यांनी विचारलं. बाई रडायलाच लागली. अर्धा तास बोलत बसली, आणि मग बीपी पुन्हा मोजलं तर बरंच उतरलेलं. ती नोंद मी पुसली नाही. अहवालातही लिहिली नाही.

गंमत सुरू होती, पण महिनाअखेर जवळ येत होती. दवाखान्याच्या ट्रस्टनं ठरवलं होतं की ज्यांच्या नोंदींत दहापेक्षा जास्त चुका निघतील, त्यांना वॉर्डातून काढून स्टोअरमध्ये बसवायचं. हा नियम सुचवला होता मीच, पहिल्या आठवड्यात, फार उत्साहानं. नावं कळवायचं कामही माझ्याकडंच होतं.

सिस्टर एकदाच बोलल्या त्यावर. "तीस वर्सं माणसं बघितली. आता चादरी बघायच्या व्हय?"

मी त्यांना रोज दुपारी वेगळं शिकवायला लागले. त्या शिकल्याही. शेवटच्या दिवशी मी तपासणी केली. औषधं बरोबर, तारखा बरोबर, सगळं बरोबर. फक्त अकरा नोंदींत एक चौकट लाल. नातेवाइकाचा फोन नंबर. अकराही जणांपुढं एकच नंबर होता, आणि एकच नंबर अनेकांपुढं आला की कॉम्प्युटर त्या सगळ्याच नोंदी चूक धरतो.

"सिस्टर, एकाचा नंबर सगळ्यांना चिकटवलात का?"

"न्हाय. एकेक करून टाईप केला."

"मग कुणाचा आहे हा?"

त्या कीबोर्ड पुसायला लागल्या. शेवटी मी तो नंबर लावला. त्यांच्याच ॲप्रनच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी तो घाईनं बंद केला. "म्हातारी माणसं हायत. पोरं लांब गेल्यात, काहींना तर कुणीच न्हाय. चौकट मोकळी ठेवली की ह्यो फुडं सरकू देत न्हाय." फोन खिशात ठेवत म्हणाल्या, "आन मोकळी ठेवायची तरी कशी? रात्री काय झालं तर कुणाला तरी कळवाय पायजे की."

त्या संध्याकाळी मी ट्रस्टला नावांची यादी पाठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी त्या अकरा चौकटी उघडल्या आणि एकेकीपुढं 'बरोबर' अशी खूण केली. मग यादी पाठवली. तिच्यात एकही नाव नव्हतं.

नऊच्या सुमाराला एक आजी आल्या, एकट्याच, हातात पिशवी. सिस्टर एका बोटानं टाईप करत खाली खाली येत गेल्या आणि त्या चौकटीशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"लिहा," मी म्हटलं, आणि माझा नंबर सांगितला.